विहिरीच्या पाण्याचा बांगडा

खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशीने माझं नाव, गाव, कॉलेज यातलं काहीच विचारलं नाही. पडवीतल्या झोपाळ्यावर बसूनच तिने विचारलं, "अत्तर लावतंस काय गो?"

"नाही," मी म्हटलं.

"पावडर?"

"कधीतरी."

"पावडर चालंल. अत्तर नको. घरात अत्तर शिरलं की नाक आंधळं व्हतं."

एवढ्यावर खोली मिळाली. बाकीचे नियम मला तन्वीने सांगितले. तन्वी माझ्याच वर्गातली, मूळची केळशीची, आणि माझ्याआधी महिनाभर वरच्या खोलीत राहायला आलेली. चपला उंबऱ्याबाहेर, केसांना खोबरेलच, आणि जेवताना माशाचे काटे ताटाच्या कडेला नीट एका बाजूला लावायचे. या शेवटच्या नियमाबद्दल मावशी फार कडक होती. "ज्याला काटं काढता येत नाय त्याच्याशी लगीन करू नको," असं ती आम्हाला दर बांगड्यामागे एकदा सांगायची. "असला मानूस जलमभर सगळं दुसऱ्याकडनं सोलून मागतो."

मी संगमेश्वराकडच्या आतल्या गावातली. वडील मुंबईत, आई शेतावर. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, मासे मोटरसायकलवर बसून हॉर्न वाजवत येतात आणि आम्ही जे मिळेल ते घेतो. त्यामुळे माझे काटे ताटभर पसरायचे आणि मावशी माझ्या संसाराची आगाऊ काळजी करायची.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असं विचारलं तर ती नाही म्हणेल आणि का नाही, ते तासभर सांगेल. रत्नागिरीच्या जेटीच्या वरच्या अंगाला एक आळी आहे, तिथे तिचं कौलारू घर. नवरा लवकर गेला, मुलगा बोटीवर नोकरीला. तिने स्वतः जन्मभर जेटीवर पाटी लावून मासे विकले आणि गुडघ्यांनी संप केला तेव्हा ती घरी बसली. पण घरी बसली म्हणजे कामातून सुटली असं नाही. अख्खी आळी मासे घेतले की आधी तिच्या पडवीत यायची. समोरच्या वहिनी, कोपऱ्यावरचा खानावळवाला, नवीन लग्न होऊन आलेल्या आणि सासूला घाबरणाऱ्या सुना, सगळे. मावशी मासा उचलायची, उलटा करायची, नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची. ताजा किंवा शिळा हे शब्द तिच्याकडे नव्हते. तिचे निकाल तीनच होते. ‘घाल कढईत.’ ‘आजच खा, पावन्याला वाढू नको.’ आणि ‘मांजराला दे.’ यावर अपील नसे. एकदा खानावळवाल्याने कुरकुर केली तेव्हा तिने त्याचीच पापलेटं त्याच्यासमोर मांजराला घातली.

घरातली दुसरी सत्ता म्हणजे वाय-फायचा डबा. आईशी रोज तोंड बघून बोलता यावं म्हणून मुलाने तो बसवला होता, आणि मांजर खेळेल म्हणून माजघराच्या भिंतीवर पार वर टांगला होता. त्याचं बटणही वरच. आमच्यापैकी कुणी उलट बोललं, की मावशी आंबे उतरवायची काठी घ्यायची आणि खालूनच बटण दाबून डबा बंद करायची. मग आम्ही वरून ओरडायचो आणि खाली पूर्ण शांतता. माफी मागायला जिना उतरावाच लागायचा.

आता आमच्या उद्योगाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय मावशीला ‘तज्ज्ञ’ ही पदवी कशी मिळाली ते कळणार नाही.

कॉलेजात आम्हा पाचसहा जणांचा एक चमू होता आणि तन्वी त्याची पुढारी. सिंथेटिक बायोलॉजी हा आमचा विषय. जिवाणूच्या आत बाहेरचं जनुक बसवायचं आणि त्याच्याकडून आपल्याला हवं ते काम करून घ्यायचं, असं मी मावशीला सोपं करून सांगितलं. तिने क्षणभर विचार केला.

"म्हंजे दुसऱ्याच्या घरातलं आनायचं, त्याला आपल्या रीतीचं करायचं नि कामाला जुंपायचं."

"साधारण तसंच."

"मंग त्यात नवीन काय हाय? आमच्या सासवा ह्येच करीत व्हत्या."

आमचे जिवाणू गुलाबी होणार होते. मासा खराब व्हायला लागला की त्यात काही द्रव्यं तयार होतात. माशाचा तुकडा पाण्यात हलवायचा आणि ते पाणी जिवाणूंना द्यायचं. मासा खराब असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत नळी गुलाबी, चांगला असेल तर पांढरट. जिवाणू कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर काढायचे नाहीत, हा आमच्या सरांचा कडक दंडक होता. पण माशाचं पाणी कुठेही नेता येत होतं. तेव्हा प्रत्येक नमुन्याचं अर्धं पाणी जिवाणूंना आणि अर्धं मावशीच्या नाकाला, असं ठरलं. यंत्र बरोबर आहे की नाही ते ठरवायला एक खात्रीचं माप लागतं, आणि रत्नागिरीत मावशीच्या नाकाइतकं खात्रीचं माप दुसरं कुठलं होतं?

पहिली फेरी झोकात झाली. बांगडे आम्हीच आणले, काही लगेच वापरले, काही एक दिवस, काही दोन दिवस, काही तीन दिवस ठेवले. तन्वी एकेक कुपी मावशीच्या हातात द्यायची, मावशी झाकण उघडून हुंगायची आणि निकाल द्यायची. एकही चूक नाही. जिवाणूंचीही नाही. आम्ही मोठ्या दिमाखात तिचे तीन निकाल इंग्रजीत लिहिले. ‘श्रेणी दोन: पाहुण्यांना वाढण्यास अयोग्य’ हे आमच्या अहवालात अजून आहे.

त्याच सुमारास पुण्याच्या आणि गुवाहाटीच्या अशाच विद्यार्थ्यांच्या चमूंशी आमची ओळख झाली आणि तिघांनी मिळून एक ऑनलाइन परिषद भरवायची, असं ठरलं. दर रविवारी सकाळी बैठक. परिषद एका दिवसाची आणि तिची तयारी चार महिन्यांची. शास्त्रीय समिती पुण्याने घेतली. ती पुण्यानेच घ्यायची असते. भित्तिपत्रकं आणि संकेतस्थळ गुवाहाटीने घेतलं. तांत्रिक बाजू कुणीच घेईना म्हणून ती आमच्याकडे आली, म्हणजे जिथे वारा आला तरी वीज जाते त्या गावाकडे. तारखेवरून तीन बैठका गेल्या. एकदा पुण्याची परीक्षा, एकदा गुवाहाटीचा बिहू, आणि तिसरी तारीख नेमकी शिमग्यातली. मावशी बैठकीच्या वेळी मागे बसून कोळंबी सोलत असायची. चित्रात फक्त तिचे पाय दिसायचे. ती तिथूनच म्हणाली, "शिमगा व्हऊन जाऊंदे. शिमग्यात जो तो बोंब मारतो, ऐकनार कोन तुमचं?" तन्वीने याचं सभ्य इंग्रजी केलं आणि ठराव एकमताने संमत झाला.

पुण्याचा अद्वैत म्हणून एक मुलगा शास्त्रीय समितीचा प्रमुख होता. भला मुलगा, पण प्रत्येक वाक्याआधी ‘एक छोटीशी शंका आहे’ म्हणायचा आणि मग मोठी शंका काढायचा. आमची पहिली फेरी बघून तो म्हणाला, "एक छोटीशी शंका आहे. कुपी देणाऱ्याला आत काय आहे ते माहीत होतं ना? तसं चालणार नाही. आणि मासे तुम्हीच शिळे केलेत. बाजारातले घ्या. एकाने आणायचे, दुसऱ्याने कुप्यांवर नुसते आकडे टाकायचे, आणि तिसरा, ज्याला काहीच माहीत नाही, त्याने त्या बाईंच्या हातात द्यायच्या."

तन्वी उखडली. "मावशीवर अविश्वास?"

"मावशीवर नाही. तुझ्यावर," अद्वैत म्हणाला. त्या दिवशी बैठक लवकर संपली.

मावशीने मात्र आम्हाला चकितच केलं. आमची बाजू घेऊन ती अद्वैतला फाडून खाईल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "कुप्या नको गो आता. अख्खं म्हावरं आना माज्यासमोर, मी सांगतंय." मग दोन दिवस तिचे गुडघे दुखले, एक दिवस एकादशी निघाली. शेवटी तन्वीने परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव छापलेलं दाखवलं, ‘गंध-तज्ज्ञ’ अशा हुद्द्यासकट, तेव्हा ती तयार झाली. म्हातारपणाचा लहरीपणा, असं आम्ही म्हटलं आणि पुढे गेलो.

दुसऱ्या फेरीत मासे आणायचं आणि आकडे टाकायचं काम चमूतल्या दोन मुलांकडे होतं आणि कुप्या घरी नेऊन मावशीला द्यायचं काम माझ्याकडे, कारण सगळ्यांत अज्ञानी कोण यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात सगळं विसकटलं. मावशी ‘घाल कढईत’ म्हणायची ती नळी दुसऱ्या दिवशी गुलाबी. ती ‘मांजराला दे’ म्हणायची ती पांढरीफटक. दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि मावशी चुकते असं म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. नमुने मुंबईला पाठवून रासायनिक तपासणी करायला वेळ उरला नव्हता. तन्वीने ठरवलं की जिवाणूच बिघडले. तिने ते पुन्हा घडवले. पुन्हा तेच. ती जेवेना, प्रयोगशाळेतून यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. दीड वर्ष तिने त्या जिवाणूंना पोटच्या पोरांसारखं वाढवलं होतं, आणि परिषदेत उभं राहून ‘आमचं फसलं’ असं तिला सांगावं लागणार होतं.

अशात एका सकाळी मी कुप्या घेऊन घरी येत होते आणि पायरीवर घसरले. चारातली एक कुपी सांडली. फुटली नाही, नुसती रिकामी झाली. आधीच तन्वीचं डोकं ठिकाणावर नाही, त्यात हे सांगायचं म्हणजे आगीत तेल. मी घराच्या मागे गेले, विहिरीवर कुपी स्वच्छ धुतली, विहिरीचं पाणी भरलं, झाकण लावलं. एका कुपीने काय होतंय, मावशी म्हणेल कसलाच वास नाही, मी लिहीन ‘नमुना बाद’. असा माझा साधा, सरळ आणि अप्रामाणिक बेत होता.

मावशीने पहिल्या तीन कुप्या हुंगल्या. चौथी उघडली. नाकाशी नेली. डोळे बारीक केले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, पुन्हा कुपी हुंगली आणि म्हणाली, "बांगडा. परवाचा. बर्फातला. मांजराला दे."

मी वही हातात धरून तशीच बसले.

"काय गो, अशी बघतंस काय?"

"मावशी, ते आपल्या विहिरीचं पाणी आहे."

मला वाटलं, आता काठी निघणार आणि डबा बंद होणार. ती चिडली नाही. तिने झाकण हळूहळू लावलं, आट्यावर आटा बसवून.

"कुनाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही."

"मंग नको सांगू."

दोन वर्षांपूर्वी, आम्ही सुट्टीत गावी होतो तेव्हा, तिला ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. "म्हटलं येईल परत. रोज सकाळी उठून पयली हिंगाची डबी हुंगायचं. वर्सभर. हिंग नाय, रॉकेल नाय, काय नाय." मला एकदम आठवलं की दिवाळीपासून तन्वी भरपूर सुगंधी फवारे मारून कॉलेजला जाते आणि मावशी चकार शब्द काढत नाही. आम्ही समजत होतो की ती आमच्यावर माया करायला लागली आहे.

"मग आळीतल्या लोकांना कशी सांगतेस?"

"डोळे हायत ना. कल्ले बघतंय, बोट दाबून बघतंय. नि आननारा मानूस बघतंय. ज्याला आपल्या म्हावऱ्याची शंका हाय तो पिशवी अंगापासून लांब धरून येतो गो. अर्धा निकाल तर फाटकातच लागतो."

"आणि पहिल्या फेरीतल्या कुप्या?"

आता मात्र ती हसली. अगदी आतून, खांदे हलवून. "तन्वी! खराब कुपी हातात आली की तिची मान येवढीशी मागं जायची, कोंबडीसारकी. मला हुंगायची गरजच नव्हती. तुजं तोंड बघून काय कळत नाय. तुला काय ठाऊकच नसतं."

अद्वैतची छोटीशी शंका एवढी खरी निघालेली बघून मला हसावं की रडावं ते कळेना. मग मावशीचं हसू थांबलं. "म्हावरं नाय बघितलं तर ही लोकं माज्याकडे कशाला येतील?" ती म्हणाली. "पोरगा बोटीवर. तुमी दोगी पुढच्या वर्साला जाल. मी पडवीत बसून काय करू, रस्ता बघू?"

मी कुणाला सांगणार नाही, असं म्हटलं. म्हणणं सोपं गेलं, कारण सांगायचं तर माझी विहीरही सांगावी लागली असती. पण रात्री जेवताना तन्वी समोर भात चिवडत बसली की मी घाईने ताट उचलून मोरीकडे जायचे. तिचे जिवाणू बहुतेक बरोबर आहेत, हे मला माहीत होतं आणि मी गप्प होते. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

शिमगा झाला, पालख्या देवळात गेल्या, मुंबईकर परत गेले आणि परिषदेचा रविवार उजाडला. मावशीच्या माजघरात आमचं ठाण. मी यजमान, म्हणजे कुणाचा आवाज चालू ठेवायचा आणि कुणाचा बंद करायचा ते माझ्या हातात. मावशीने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि अबोलीचा गजरा माळला होता. तिने आळीत आवतणं दिली होती, त्यामुळे पडवीत टीव्हीवर परिषद लावून समोरच्या वहिनी, खानावळवाला, सुना, त्यांच्या सासवा सगळे बसले होते. मध्येच कुणीतरी "मावशी कवा येनार?" असं विचारत होतं. गुवाहाटीची मुलगी भाताच्या रोगांवर बोलत होती तेव्हा खानावळवाल्याने जांभई दिली ती देशभर ऐकू गेली. मी धावत जाऊन टीव्हीला जोडलेल्या फोनचा माइक बंद केला.

मग तन्वी बोलली. आठ मिनिटं सरळ आवाजात. शेवटी म्हणाली, "बाजारातल्या माशांवर आमचे जिवाणू तज्ज्ञांच्या निकालाशी जुळत नाहीत. आमचा प्रयोग फसला आहे. का फसला, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही." मी पडद्याकडे बघत राहिले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

यानंतर गंध-तज्ज्ञांची पाच मिनिटं होती. तन्वीने तीन कुप्या तयार ठेवल्या होत्या, मावशी त्या हुंगणार आणि सगळे टाळ्या वाजवणार, एवढंच योजलेलं. मावशी येऊन बसली, गजरा सारखा केला.

"हिने आता काय सांगितलंन ते मला कळलंय," ती म्हणाली. "हिचे किडे खोटे, असंच ना?"

"हो मावशी," तन्वी म्हणाली. "पण आता तू फक्त..."

"थांब. कुपी धर. तुला ठाऊक हाय ना कशात काय हाय?"

तन्वीने एकेक कुपी धरली. मावशीने तिन्ही ओळखल्या. पडवीतून टाळ्या पडल्या, पुण्याहूनही पडल्या. मावशीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग तिने पदर पुढे ओढून डोळ्यांवर घट्ट बांधला.

"आता अदलाबदल कर. नि माज्याशी बोलू नको, हातात दे नुसती."

ती काय करते आहे ते कळणारी तिथे मी एकटी होते. आवाज बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मी ते दाबलं नाही. तन्वीने कुप्या दिल्या. मावशीने हुंगल्या, निकाल दिले, पदर सोडला.

"किती बरोबर आलं?"

तन्वीने कुप्या पुन्हा तपासल्या.

"सांग गो, मोठ्यानं सांग."

"एक."

"तां पन अंदाजानं. दोन वर्सं झाली, माजं नाक गेलंय. मला हिंग पन कळत नाय. तुमचे किडे खोटे नायत. मी खोटी हाय." तन्वी भाषांतर करायची थांबली होती. गुवाहाटीची मुलगी सारखी विचारत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मावशी पडवीकडे वळली. तिथे सगळ्यांची तोंडं उघडी. "नि तुमी काय बघताय? दोन वर्सं माज्या सांगन्यावर जेवताय. कोन मेलंय काय?"

मी वहिनींकडे बघितलं, त्या हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या.

मग मावशीची नजर माझ्यावर आली आणि तिच्या डोळ्यांत तो नेहमीचा वात्रटपणा चमकला. मी मनात म्हटलं, नको, नको. "नि ही बघा. गरीब गाय दिसते. हिने मला विहिरीचं पानी हुंगवलंन. नि मी त्याला परवाचा बांगडा म्हटलंय."

तन्वी माझ्याकडे वळली. तिचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"एक छोटीशी शंका आहे," अद्वैतचा आवाज आला. "पाणी? म्हणजे तुम्ही नुसत्या पाण्याचा नमुना मुद्दाम मध्ये घातला होता?"

"सांडलं होतं," मी म्हटलं. "मी घाबरून भरलं."

"पण अख्ख्या प्रयोगातली सगळ्यांत चांगली चाचणी तीच आहे!" तो खुर्चीतून उठलाच. त्या दिवशी कळलं की माझ्या हातून विज्ञानाची जी काही सेवा झाली ती एवढी एकच, आणि तीही पाय घसरून. गुवाहाटीच्या मुलीला शेवटी कुणीतरी सगळं समजावलं, तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली की आमच्याकडच्या सुक्या मासळीवर हे जिवाणू लावून बघायला द्याल का. उरलेले नमुने शीतपेटीत होते, ते आम्ही मुंबईला पाठवायचं ठरवलं. पुढे तिथून उत्तर आलं. जिवाणू बहुतेक ठिकाणी बरोबर होते, काही ठिकाणी चुकले होते. तन्वीला तेवढं पुष्कळ होतं. माझ्याशी ती त्यानंतर चार दिवस बोलली नाही, आणि माझ्या अपराधाच्या मानाने तेही कमीच.

त्या संध्याकाळी मी मावशीला विचारलं, "मी तर कुणाला सांगणार नव्हते. मग तू का सांगितलंस?"

"तन्वी रडत व्हती ना गो रोज," ती म्हणाली. "मला वास येत नाय. दिसतं सगळं."

दुसऱ्या दिवशी पडवीत कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेटीवरून माणसं पिशव्या घेऊन फाटकापुढून जात होती, मावशी झोपाळ्यावर बसून त्यांच्याकडे बघत होती, आणि ती आपल्याकडे बघते आहे म्हणून माणसं भराभर चालत होती. तिने आमच्यावर राग काढला असता तर बरं वाटलं असतं. कारण नसताना तिने एकदा डबा बंद केला, आणि आम्ही ओरडायच्या आधीच स्वतःहून चालू केला. मला वाटलं, आम्ही आमची परिषद केली आणि हिची पडवी मोडून ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी समोरच्या वहिनी आल्या. हातात पिशवी.

"मावशी, जरा बघता काय?"

"काय बघू? सगळ्यांसमोर सांगितलंय ना, माजं नाक नाय म्हनून."

"तां झालं सांगून. आता बघा."

मावशीने पिशवीत डोकावलं नाही. "बर्फातलं म्हावरं नुसत्या डोळ्यांना फसवतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मी कॉलेजला निघाले होते. "इकडं ये. बस हितं. हुंग."

मी? ताटभर काटे पसरणारी? पण मी पिशवी घेतली आणि वाकले.

"कसा येतो?"

"बरा येतो."

"बरा म्हंजे काय गो? नीट सांग."

मी पुन्हा वाकले. इतके दिवस माशांच्या पाण्याच्या कुप्या वाहिल्या होत्या आणि एकदाही कधी नीट हुंगलं नव्हतं. "आधी मीठ," मी म्हटलं. "मग... काकडी. कोवळी काकडी कापल्यावर येतो तसा."

मावशीने डोळे मिटून घेतले. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून मिटले असावेत. झोपाळा तिने पायाने थांबवला होता. "नि मागनं?"

"मागून थोडं लोखंड. भिजलेल्या साखळीचा वास येतो ना, तसं. बस, एवढंच."

"पहाटंचा हाय," ती म्हणाली. "बर्फ लागलेला नाय. घाल कढईत."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "पहाटंच्याच होडीचा." आणि त्यांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

मावशीने डोळे उघडले नाहीत. "थांब गो जरा," ती त्यांना म्हणाली, आणि मला म्हणाली, "अजून सांग."